नकाशा कुठे काढावा? माइंडमॅप आणि साइटमॅपच्या ऑनलाइन साधनांचा आढावा

ऑनलाइन माइंडमॅपचं साधन शोधणारा माणूस आधी विचारतो, मोफत आहे का. मग विचारतो, मराठी चालतं का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ज्यावर पुढची दोन-तीन वर्षं अवलंबून असतात, तो तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: इथे काढलेला नकाशा उद्या इथून बाहेर कसा न्यायचा?

जॅमबोर्डचं काय झालं ते बघा. गूगलचा हा फळा टाळेबंदीच्या काळात कितीतरी शिक्षकांच्या हातात रुळला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलनं तो बंद करत असल्याचं जाहीर केलं, १ ऑक्टोबर २०२४ पासून फळे फक्त बघता येऊ लागले आणि ३१ डिसेंबर २०२४ ला कारभार आटोपला. गूगलनं जाता जाता मिरो, फिगजॅम आणि लूसिडस्पार्क या परक्या कंपन्यांच्या साधनांकडे बोट दाखवलं, हे त्यातल्या त्यात बरं. पण ज्यांनी आपले फळे पीडीएफ म्हणून उतरवून घेतले, त्यांच्याकडे चित्रं उरली. त्या चित्रांतली एक चौकटही आता इकडची तिकडे हलत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीची ही तऱ्हा असेल, तर लहान कंपन्यांबद्दल काय बोलावं! म्हणून या आढाव्यात साधनांची परीक्षा मागच्या दारापासून सुरू करणार आहे.

त्याआधी एक गुंता सोडवायला हवा. 'मॅप' या एकाच नावाखाली निदान तीन वेगळी कामं चालतात, आणि एका कामाचं साधन दुसऱ्याला जुंपलं की चिडचिड होते. माइंडमॅप हा प्रकार घरोघरी पोचवला तो टोनी ब्यूझान या इंग्रज लेखकानं, १९७४ मध्ये बीबीसीवर आलेल्या 'यूज युवर हेड' या मालिकेतून. मधोमध विषय, त्यातून फुटणाऱ्या फांद्या, फांदीवर शक्यतो एकच शब्द, रंगांची आणि चित्रांची रेलचेल. त्याच दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी संकल्पना-नकाशे बनवत होते. तिथे दोन चौकटींमधल्या रेघेवर क्रियापद लिहावं लागतं: उष्णता – वाढवते – बाष्पीभवन. दिसायला दोन्ही सारखेच, पण ब्यूझानचा नकाशा सुचेल ते भराभर उतरवून घेतो आणि नोव्हाकचा प्रत्येक रेघेला जाब विचारतो. विज्ञान शिकवणाऱ्याला दुसरा हवा असतो आणि बाजारात नव्वद टक्के जाहिरात पहिल्याची असते, ही माझी जुनी तक्रार. संकल्पना-नकाशासाठी फ्लोरिडातल्या आयएचएमसी या संस्थेचं सीमॅपटूल्स हे मोफत साधन आजही पुरेसं आहे. ते जुनाट दिसतं खरं, पण रेघेवर शब्द लिहायला लावतं.

साइटमॅपचीही अशीच फाळणी आहे. एक साइटमॅप माणसांसाठी असतो: संकेतस्थळ बांधण्याआधी कुठली पानं असतील, कशाखाली काय येईल याचा आराखडा. दुसरा यंत्रांसाठी असतो: शोधयंत्रांना पानांचे पत्ते देणारी एक्सएमएल फाइल. 'साइटमॅप टूल' असं शोधलं की दोन्ही प्रकारची साधनं एकत्र समोर येतात आणि नवखा माणूस आराखड्याच्या ऐवजी एक्सएमएल बनवणारं यंत्र उघडून बसतो.

माइंडमॅपपासून सुरुवात करू. इथे पहिली विभागणी एकट्यानं विचार करण्याची आणि घोळक्यानं विचार करण्याची. एकट्यासाठी फ्रीप्लेन हे मुक्तस्रोत साधन माझ्या मते अजूनही सर्वांत भरवशाचं आहे. ते जुन्या फ्रीमाइंडमधून फुटून निघालेलं, संगणकावर बसवावं लागणारं, रूपानं यथातथा. पण त्याची 'डॉट एमएम' फाइल म्हणजे साधं एक्सएमएल आहे आणि एक्समाइंड, माइंडमाइस्टर अशी अनेक साधनं ती वाचतात. एक्समाइंडची फाइलही गंमतीची आहे: तिचं शेपूट बदलून 'झिप' केलं की ती उघडते आणि आत आपला सगळा मजकूर सापडतो. कंपनी उद्या बुडाली तरी तो मजकूर आपलाच. ब्राउझरमध्येच काम करायचं असेल तर माइंडमप खातं न उघडता चालतं आणि फाइल आपल्या गूगल ड्राइव्हवर ठेवू देतं.

घोळक्यासाठी माइंडमाइस्टर, कॉगल, मिरो, फिगजॅम, व्हिम्सिकल ही नावं येतात. माइंडमाइस्टर २००७ पासून आहे आणि बैठक चालू असताना चार जणांनी एकाच नकाशात लिहिण्याचं काम ते चोख करतं. कॉगल दिसायला देखणं आणि शिकायला सोपं, पण त्याच्या मोफत खात्यात खासगी नकाशे मोजकेच मिळतात. बाकीचे सार्वजनिक ठेवावे लागतात, हे संस्थेच्या कामाला बसण्याआधी लक्षात घ्यावं. मिरो हा मुळात अमर्याद फळा आहे. २०११ मध्ये रशियातल्या पर्म शहरात 'रिअलटाइमबोर्ड' या नावानं तो सुरू झाला आणि २०१९ मध्ये त्याचं नाव बदललं. कार्यशाळेला त्याच्यासारखं साधन नाही. पण फळा आणि नकाशा यांत फरक आहे. फळ्यावर चिकटवलेल्या चाळीस चिठ्ठ्या बाहेर काढल्या की चाळीस सुट्या ओळी मिळतात. कोण कुणाच्या पोटात होतं हे हरवतं. मिरोतही माइंडमॅपचा स्वतंत्र प्रकार आहे, तो वापरला तर नातं टिकतं. बहुतेक लोक मात्र चिठ्ठ्याच चिकटवत बसतात.

तिसरी एक वाट आहे, तिच्याबद्दल मराठीत फारसं बोललं जात नाही: नकाशा न काढता लिहायचा. मर्मेड आणि मार्कमॅप ही साधनं साधा मजकूर घेतात, ओळ जितकी आत सरकवाल किंवा शीर्षकाची पातळी जितकी खालची ठेवाल तितकी ती फांदी खोल, आणि चित्र आपोआप तयार होतं. ड्रॉ डॉट आयओ हे रेखाटनाचं साधन त्याच जातकुळीतलं, निदान वृत्तीनं: फाइल कुठे ठेवायची ते तुम्ही सांगता आणि ती त्याच्या सर्व्हरवर साठवली जात नाही. ज्याला नकाशाचा मजकूर नोटपॅडमध्ये उघडता येतो, त्याला कुठल्याच कंपनीच्या बंद होण्याची भीती बाळगायचं कारण नाही. फांद्यांचे रंग आणि चिन्हं गेली तर जाऊ द्यावीत. ती तासाभरात परत येतात, क्रम आणि नाती येत नाहीत.

माइंडमॅपनं शिकणं खरोखर सुधारतं का? साधन विकणारे सांगतात तितकं नाही. २००२ मध्ये 'मेडिकल एज्युकेशन' या नियतकालिकात फॅरँड, हुसेन आणि हेनेसी यांनी लंडनच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग मांडला होता. आठवड्यानंतर माइंडमॅप वापरणाऱ्यांना सुमारे १० टक्के जास्त आठवलं, पण ही पद्धत वापरण्याचा त्यांचा उत्साह मात्र इतरांपेक्षा कमी निघाला. २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये कार्पिके आणि ब्लंट यांनी दाखवलं, की पुस्तक समोर ठेवून संकल्पना-नकाशे काढण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहतं. म्हणजे दहावी-बारावीच्या मुलासाठी वर्गणी भरण्याआधी त्याला कोऱ्या कागदावर, पुस्तक न बघता, धड्याचा नकाशा काढायला सांगून बघा.

आता मराठीचा प्रश्न. पडद्यावर देवनागरी आज जवळजवळ सगळीकडे नीट दिसते, कारण अक्षरं मांडण्याचं काम ब्राउझरच करतो. घोळ होतो तो बाहेर काढताना. काही साधनं पीडीएफ आपल्या सर्व्हरवर वेगळ्या यंत्रणेनं बनवतात. तिला जोडाक्षरं जुळवता येत नसतील तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, रफार सुटतो आणि कधी नुसते चौकोन येतात. म्हणून साधन पारखताना त्याची जाहिरात वाचण्यापेक्षा त्यात एक ओळ टाइप करावी: 'तऱ्हेतऱ्हेचे अर्ज, विठ्ठल, श्रद्धा, ज्ञानेश्वरी, ॲप, किल्ल्यातली.' मग पीडीएफ, चित्र आणि साधा मजकूर अशा तिन्ही रूपांत ती बाहेर काढावी. पीडीएफमधून ओळ परत कॉपी करून बघावी, कारण दिसायला शाबूत असलेलं अक्षर आतून मोडलेलं असू शकतं. मराठीला 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' मधला तो अर्धचंद्रासारखा र लागतो, हिंदीला तो लागत नाही. त्यामुळे 'हिंदी चालतं' या आश्वासनावर विसंबू नये. जुन्या संस्थांची आणखी एक अडचण: त्यांचे अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व टंकांत असतात. ते थेट नकाशात चिकटवले की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्यांचं आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावं लागतं आणि त्यानंतर मुद्रितशोधनही चुकत नाही.

माणसांसाठीच्या साइटमॅपकडे वळू. इथे विषय खरा रंगतो. समजा, तालुक्याच्या गावातलं एक शासनमान्य 'अ' वर्ग वाचनालय आहे आणि त्याला संकेतस्थळ करायचं आहे. कार्यकारी मंडळाची बैठक बसते. पहिला मसुदा जवळजवळ ठरलेला असतो: मुखपृष्ठ, अध्यक्षांचं मनोगत, इतिहास, विश्वस्त, कार्यकारी मंडळ, विभाग, उपक्रम, छायाचित्रं, संपर्क. यात वाचक कुठे आहे? त्याला हवं असतं ते असं: वर्गणी किती, अनामत किती, दिवाळी अंकांची योजना कधी सुरू होते, अमुक पुस्तक आहे का, अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी असते, व्याख्यानमालेत यंदा कोण येणार. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की संस्था ज्या व्यवस्था रचतात त्यांत त्यांच्या आपसातल्या संवादाचीच घडण उतरते. संकेतस्थळांच्या बाबतीत ते डोळ्यांनी दिसतं: साइटमॅप हा कार्यकारिणीचा तक्ता होऊन बसतो.

हे कुठलंही साधन थांबवत नाही. स्लिकप्लॅन, फ्लोमॅप, ऑक्टोपस डॉट डू, ग्लूमॅप्स: चारही उत्तम चौकटी काढतात आणि चुकीचा आराखडाही तितक्याच सुंदर काढतात. त्यांच्यातला फरक कामाच्या टप्प्यावर ठरतो. पहिल्या बैठकीत भराभर रचून बघायचं असेल तर ग्लूमॅप्स, कारण खातं लागत नाही. पण शेवटच्या भेटीनंतर नकाशा साधारण दोन आठवडेच टिकतो, हे तिथे जीव ओतण्याआधी माहीत हवं. ऑक्टोपसमध्ये प्रत्येक पानाच्या चौकटीत आतला मजकूर कुठला ते तुकड्यातुकड्यांनी लिहिता येतं आणि मला तेच त्याचं मोठं बळ वाटतं. 'उपक्रम' असं नाव देऊन सुटका होत नाही, खाली काय लिहिणार ते सांगावं लागतं आणि अर्धी पानं तिथेच गळून पडतात. स्लिकप्लॅन चालू संकेतस्थळ वाचून त्याचा नकाशा काढून देतं आणि मजकुराच्या नियोजनाचीही सोय देतं. जुन्या मोठ्या संकेतस्थळाची डागडुजी करणाऱ्यांना ते पैसे देण्यासारखं आहे. फ्लोमॅपमध्ये पानांबरोबर वाचकाच्या वाटाही आखता येतात. वीस-पंचवीस पानांच्या वाचनालयाला यातलं एकही विकत घ्यायची गरज नाही. ड्रॉ डॉट आयओ किंवा स्प्रेडशीट पुरते.

आराखडा बरोबर आहे की नाही, हे कार्डं लावून कळतं. प्रत्येक पानाचं नाव एका पत्त्यावर लिहायचं आणि वाचकांना सांगायचं, यांचे गट करा आणि गटांना नावं द्या. याकोब निल्सन यांनी २००४ मध्ये टलिस आणि वुड यांच्या अभ्यासावरून १५ माणसं पुरे असं सुचवलं. वाचनालयाच्या देवघेव विभागात संध्याकाळी १५ माणसं सहज भेटतात, त्यात सेवानिवृत्त मास्तर असतात आणि स्पर्धा परीक्षेची मुलंही. उलट तपासणीसाठी नुसती यादी दाखवून 'अनामत परत कशी मिळेल ते शोधा' असं काम देता येतं. न्यूझीलंडच्या ऑप्टिमल वर्कशॉपची साधनं हे दोन्ही ऑनलाइन करून देतात आणि माणसं गावोगाव विखुरलेली असतील तर त्यांचा उपयोग आहे. वाचक जिन्याखालीच उभे असतील तर पुठ्ठ्याचे पत्ते आणि रबरबँड घ्यावेत. (जाता जाता: मेनूत सातच बाबी असाव्यात असं कुणी मिलर यांच्या १९५६ च्या लेखाचा हवाला देऊन सांगितलं तर ऐकू नका. तो लेख लक्षात ठेवण्याच्या मर्यादेबद्दल होता आणि मेनू तर डोळ्यांसमोरच असतो.)

झाडाच्या आकारालाही मुळातली एक मर्यादा आहे. महात्मा फुल्यांवरचं मुलांसाठीचं पुस्तक चरित्रात जाईल, बालविभागात की समाजसुधारणेत? झाडात त्याला एकच बाप मिळतो. ग्रंथालयशास्त्रानं हा पेच फार आधी ओळखला होता. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण मांडलं, ते नेमकं यासाठी: वस्तूला एका खणात न कोंबता तिचे पैलू वेगवेगळे नोंदवायचे. आज खरेदीच्या संकेतस्थळावर आपण किंमत, आकार, रंग असे गाळणे लावतो ते त्याच विचाराचं रूप आहे. आपल्याकडे केतकरांनीही ज्ञानकोशात एकाच क्रमावर भिस्त ठेवली नाही: पहिले पाच खंड विषयवार, पुढचे अकारविल्हे आणि शिवाय वेगळा सूचीखंड. म्हणून पुस्तकांची यादी, भाषणांचा संग्रह, छायाचित्रं असा ढीग जिथे असेल तिथे साइटमॅपच्या साधनात फांद्यांना फांद्या फोडत बसू नये. तिथे नकाशात एकच चौकट काढावी आणि तिच्या पैलूंची यादी बाजूला स्प्रेडशीटमध्ये करावी. साइटमॅपची बहुतेक साधनं हे सांगत नाहीत, कारण त्यांना चौकटी विकायच्या असतात.

एआयची साधनं आता चार ओळींत संस्थेचं वर्णन घेऊन पूर्ण साइटमॅप देतात. रेल्यूम हे त्यातलं ठळक नाव. गूगलच्या नोटबुकएलएमनं मार्च २०२५ मध्ये आपण चढवलेल्या कागदपत्रांचा माइंडमॅप काढून देण्याची सोय आणली. दुसरं मला जास्त उपयोगी वाटतं, कारण तिथे निदान आपलाच मजकूर आधाराला असतो. साइटमॅप मागितला तर जगभरच्या संकेतस्थळांची सरासरी मिळते: आमच्याविषयी, सेवा, ब्लॉग, संपर्क. दिवाळी अंकांची योजना त्यात कधीच नसते. पत्ते लावण्याआधी काय विसरलं ते बघायला अशी यादी चालेल.

पैशांचं थोडक्यात. वर्गणी सहसा डॉलरमध्ये आणि दर माणशी असते. मोफत खात्यांत तीन नकाशे, तीन बोर्ड असे आकडे नेहमी आढळतात आणि ते वरचेवर बदलतात. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीला आगाऊ सूचना द्यावी लागते आणि ठरावीक रकमेवर, सुरुवातीला ५,००० आणि २०२२ पासून १५,००० रुपयांवर, दर वेळी मंजुरी लागते. ही व्यवस्था न पाळणाऱ्या परदेशी सेवांची वर्गणी मग भरलीच जात नाही. खातं मोफत असो की विकतचं, ते उत्साही स्वयंसेवकाच्या वैयक्तिक ईमेलवर न उघडता संस्थेच्या ईमेलवर उघडावं. मुलगा नोकरीला पुण्याला गेला की नकाशाही पुण्याला जातो.

राहिला यंत्रांचा साइटमॅप. गूगलनं तो २००५ मध्ये आणला आणि २००६ च्या नोव्हेंबरात याहू आणि मायक्रोसॉफ्टनं तोच नमुना मान्य केला. एका फाइलीत जास्तीत जास्त ५०,००० पत्ते आणि ५० एमबी अशी मर्यादा आहे. यासाठी ऑनलाइन साधन शोधणं बहुतेकांच्या बाबतीत व्यर्थ असतं. वर्डप्रेस ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून ही फाइल आपोआप बनवतं. आतल्या दुव्यांनी नीट जोडलेल्या, ५०० पानांच्या आतल्या संकेतस्थळाला ती नसली तरी चालतं असं गूगलचंच म्हणणं आहे. 'प्रायॉरिटी'चे आकडे गूगल वाचतही नाही. पान शेवटी कधी बदललं ती तारीख मात्र खरी असेल तर वापरतं. जुन्या संकेतस्थळावर काय काय साठलं आहे ते बघायला स्क्रीमिंग फ्रॉग घ्यावं. ते ५०० पत्त्यांपर्यंत मोफत आहे आणि तुटलेले दुवे दाखवून झाडाचं चित्रही काढून देतं.

मराठी संकेतस्थळाला इथे एक खास खोच आहे. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर फाइलीत तो टक्केचिन्हांच्या रूपात लिहावा लागतो आणि एकेका देवनागरी चिन्हाला नऊ रोमन चिन्हं लागतात. नुसत्या 'वाचनालय' या शब्दाची ६३ होतात. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या तुकड्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे, त्यामुळे मराठी मथळ्यावरून आपोआप बनलेला पत्ता वीस-बावीस चिन्हांनंतर कापला जातो. 'कै. अमुक तमुक स्मृती व्याख्यानमाला २०२४' आणि '२०२५' ही दोन पानं मग पत्त्यावरून ओळखू येत नाहीत, वर्डप्रेस दुसऱ्याला शेपटाशी '२' जोडून मोकळं होतं. मथळा मराठीच असावा, पत्ता छोटा आणि रोमन. त्यासाठी साइटमॅपचा आराखडा करतानाच पानाच्या नावाशेजारी पत्त्याचा एक रकाना आखावा, आणि छपाईला जाणाऱ्या निमंत्रणपत्रिकेवर क्यूआर कोड बसण्याआधी तो भरून टाकावा.